ठिणगीची तडतड : मोटारीतल्या रेडिओचा गोंगाट कसा थांबला, आणि कोणासाठी? #थ्रेड

१/ गाडीचे स्पार्क प्लग बदलले, इंजिन सुरळीत झाले. पण रेडिओ लावताच तडतड ऐकू येऊ लागली. ॲक्सिलरेटर दाबला की तिचा वेग वाढतो, इंजिन बंद केले की ती तत्क्षणी थांबते. जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांना आजही येणाऱ्या या अनुभवामागे शतकभराहून मोठा इतिहास आहे.

२/ त्याची सुरुवात मोटारीत नव्हे, प्रयोगशाळेत होते. १८८७-८८ मध्ये जर्मनीतील कार्ल्सरुह येथे हाइनरिश हर्ट्झ यांनी दोन धातुगोलकांमध्ये विजेची ठिणगी पाडली. काही अंतरावर ठेवलेल्या तारेच्या कड्यातील फटीतही एक इवलीशी ठिणगी चमकली. विद्युतचुंबकीय लहरींचे अस्तित्व सिद्ध झाले. जगातला पहिला रेडिओ-प्रक्षेपक म्हणजे एक ठिणगीच होती.

३/ मार्कोनी यांची बिनतारी यंत्रणा याच ठिणगीवर उभी राहिली. १९१२ मध्ये टायटॅनिकने मदतीची हाक दिली तीही ठिणगी-प्रक्षेपकावरूनच. मात्र ठिणगीला एक खोड होती. ती एकाच कंप्रतेवर बोलत नसे. एकाच वेळी अनेक कंप्रतांवर पसरून इतरांचे संदेश बुडवत असे. अखेर १९२७ च्या वॉशिंग्टन आंतरराष्ट्रीय रेडिओतार परिषदेने अशा प्रक्षेपकांना टप्प्याटप्प्याने निरोप देण्याचा मार्ग आखला.

४/ परंतु ठिणगीने तोवर दुसरे घर शोधले होते. १९०२ मध्ये बॉश कंपनीतील अभियंता गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्यासोबतचा स्पार्क प्लग सिद्ध केला. पुढे अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांची बॅटरीवर चालणारी इग्निशन पद्धत आली. नभोवाणीने जिला हद्दपार करायला घेतले, ती मोटारीच्या बॉनेटखाली सुखाने नांदू लागली.

५/ तिचा उपद्रव आकड्यांत पाहण्यासारखा आहे. चार सिलिंडरचे फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला १०० ठिणग्या पडतात. प्रत्येक ठिणगीमागे हजारो व्होल्टचा दाब असतो आणि प्लगपर्यंत जाणारी तार नकळत एरियलचे काम करते. म्हणजे प्रत्येक मोटार हा एक चालता-फिरता ठिणगी-प्रक्षेपकच होता!

६/ जोवर रेडिओ घराच्या दिवाणखान्यात होता, तोवर मोटारचालकाला याची फिकीर नव्हती. १९२९ च्या शेअर बाजाराच्या कोसळीनंतर शिकागोचे पॉल गॅल्विन नव्या उत्पादनाच्या शोधात होते. बिल लिअर आणि एल्मर वेव्हरिंग यांच्या साथीने त्यांनी मोटारीत बसेल असा रेडिओ तयार केला. जून १९३० मध्ये त्यांनी आपली स्टुडबेकर गाडी ॲटलांटिक सिटीतील रेडिओ उत्पादकांच्या संमेलनाबाहेर उभी केली आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना तो ऐकवला. या रेडिओचे नाव होते ‘मोटोरोला’.

७/ त्यांच्यापुढची मोठी अडचण गोंगाटाची होती. प्लग, डिस्ट्रिब्युटर आणि जनरेटर ही त्याची तीन उगमस्थाने. त्या काळच्या कारागिरांनी उपायही तसेच योजले : प्लगच्या आणि डिस्ट्रिब्युटरच्या तारेत रोधक, जनरेटरवर कंडेन्सर, आणि बॉनेट, इंजिन व चॅसी यांना जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या. रेडिओ बसवणे म्हणजे निम्मे काम गाडीला गप्प करण्याचे.

८/ रोधक नेमके काय करतो? टाळ वाजवून लगेच मुठीत धरला तर आघात होतो, पण नाद लांबत नाही. ठिणगी पडताच तारेतील वीज मागे-पुढे हेलकावे खाते. त्या हेलकाव्यांतून रेडिओलहरी निघतात. रोधक ते हेलकावे शमवतो. इंधन पेटवण्यापुरती ठिणगी मात्र शाबूत राहते.

९/ येथवर हिशेब सरळ होता. गोंगाट करणाराही मोटारमालक आणि त्रास सोसणाराही तोच. ज्याला गाणे ऐकायचे, त्याने रोधकाचे पैसे मोजावेत. दुसऱ्या महायुद्धात लष्करानेही हाच धडा गिरवला. ज्या अमेरिकी लष्करी वाहनांच्या इग्निशनचा गोंगाट शमवलेला असे, त्यांच्या नोंदणी क्रमांकापुढे ‘एस’ हे अक्षर रंगवले जाई.

१०/ हिशेब बिघडवला दूरचित्रवाणीने. २ नोव्हेंबर १९३६ रोजी लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून बीबीसीचे नियमित दूरचित्रप्रसारण सुरू झाले. त्याची कंप्रता होती सुमारे ४५ मेगाहर्ट्झ, आणि प्लगच्या तारा तेथेही तितक्याच हिरिरीने बोलत. रस्त्यावरून मोटार गेली की घरातल्या पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यांचा सडा पडे.

११/ आता त्रास एकाचा आणि कारण दुसरा. ज्याच्या गाडीत रेडिओच नाही, त्याने शेजाऱ्याच्या पडद्यासाठी पदरमोड का करावी? बाजाराकडे या प्रश्नाचे उत्तर नव्हते. मोजमापाची समान पद्धत ठरवण्यासाठी ‘सिस्पर’ ही आंतरराष्ट्रीय समिती १९३४ मध्येच स्थापन झाली होती. ब्रिटनमध्ये १९४९ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याने सरकारला अधिकार दिले आणि १९५२ मध्ये खास इग्निशनसाठी नियम झाले. नव्या गाडीने गप्प राहणे हे आता कायदेशीर कर्तव्य ठरले.

१२/ कर्तव्य कारखान्याचे झाले, तसा उपाय अदृश्य झाला. रोधक प्लगच्याच पोटात गेला. तांब्याच्या तारेऐवजी कार्बनयुक्त गाभ्याची, स्वतःच रोध असणारी वायर आली. मालकाला आपल्या गाडीत असे काही आहे, याची जाणीवही उरली नाही.

१३/ म्हणूनच प्लग बदलल्यावर तडतड परतते, तेव्हा तो या इतिहासाचा विसर असतो. अनेक कंपन्यांच्या प्लग-क्रमांकातील ‘आर’ हे अक्षर साधारण ५,००० ओहमचा रोधक सूचित करते. ते अक्षर नसलेला प्लग बसला, रोधक वायरीऐवजी साधी तांब्याची वायर आली, टोपी सैल राहिली किंवा अर्थिंगची पट्टी पुन्हा जोडायची राहून गेली, की हर्ट्झची ठिणगी पुन्हा बोलू लागते.

१४/ हवेतील लहरी कोणा एकाच्या मालकीच्या नसतात. त्या गढूळ होतात तेव्हा त्रास सोसणाऱ्याने कान झाकायचे, की गढूळ करणाऱ्याने हात आवरायचा? धूर, ध्वनी आणि सांडपाणी यांबाबत विसाव्या शतकाने हा वाद दीर्घकाळ घातला. प्लगमधल्या बोटाच्या पेराएवढ्या रोधकाने त्याचे एक उत्तर दिले : आवरायचे ते उगमापाशीच.