गावठाणातला वाडा आणि परवानगीचा कागद

आष्टी १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. १९५६ साली मराठवाड्याबरोबर मुंबई राज्यात आली. सातबारा शेतजमिनीचा, गावठाणातला वाडा त्याबाहेरच राहिला. पुढे १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमातील कलम ५२ ने बांधकामास पंचायतीची पूर्वपरवानगी आवश्यक केली. वाड्याला नवे खण जोडायचे, तर जागा कुणाची हे आधी दाखवणे आले. हाती असे तो नमुना आठचा उतारा. पण तो घरपट्टीच्या आकारणीचा, मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे. म्हणून भाऊबंदांच्या संमतीला वजन आले. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेने ड्रोनद्वारे गावठाणे मोजून मिळकत पत्रिका देण्याचे ठरवले. ड्रोनला छप्पर दिसते. त्याखालचे हिस्से मात्र भाऊबंदांनीच सांगायचे असतात.