क्षयाचे औषध आणि चुंबकाचे स्पंद

१/ १९५९ साली जॉर्ज क्रेन यांनी एका शोधनिबंधात क्षयरोगावरील सायक्लोसेरीन या औषधाची चर्चा चक्क नैराश्यावरील औषध म्हणून केली. क्षयाच्या काही रुग्णांची खिन्नता या औषधाने ओसरत असल्याचे त्यांना दिसले होते. त्या निरीक्षणाला पुढे एका चुंबकाची साथ कशी मिळाली, त्याचा हा थ्रेड.

२/ आधी चुंबकाकडे वळू. बदलते चुंबकीय क्षेत्र वाहकात वीज निर्माण करते, हे फॅरडेने १८३१ मध्ये दाखवले. १८९६ मध्ये पॅरिसच्या दार्सोनव्हाल यांनी माणसाचे डोके मोठ्या वेटोळ्यात ठेवले, तेव्हा त्याला प्रकाशाचे झोत दिसले. १९८५ मध्ये शेफिल्डच्या अँथनी बार्कर व सहकाऱ्यांनी कवटीला धक्का न लावता, चुंबकीय स्पंदाने मेंदू चेतवून हाताचे स्नायू हलवले. हेच ट्रान्सक्रॅनिअल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन, म्हणजे टीएमएस.

३/ दुसरा प्रवाह मेंदूच्या लवचीकतेचा. एकत्र चेतणाऱ्या पेशींचे दुवे बळकट होत असावेत, असे डोनाल्ड हेब यांनी १९४९ मध्ये मांडले. १९७३ मध्ये ब्लिस आणि लोमो यांनी सशांच्या मेंदूत ते प्रत्यक्ष मोजले : वेगवान विद्युतस्पंदांनंतर दुवे तासन्‌तास बळकट राहिले. या प्रक्रियेला एनएमडीए ग्राहक लागतात, हे ग्रॅहम कॉलिंग्रिज व सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये दाखवले.

४/ हा ग्राहक म्हणजे दोन किल्ल्यांचे दार. ग्लुटामेट ही एक किल्ली, ग्लायसिन वा डी-सेरीन ही दुसरी. शिवाय पेशी आधीच चेतलेली हवी. सायक्लोसेरीन नेमके दुसऱ्या किल्लीच्या जागी बसते, मात्र दार पुरते उघडत नाही. क्रेन यांच्या निरीक्षणामागे हीच यंत्रणा असू शकते, असा विचार त्यातून पुढे आला.

५/ २००५ मध्ये लंडनमध्ये हुआंग, रॉथवेल आदींनी थीटा-बर्स्ट पद्धत माणसांवर वापरली : सुमारे तीन मिनिटांत ६०० स्पंद. एका प्रकाराने चेतनक्षमता वाढली, दुसऱ्याने घटली. २००७ मध्ये मेमँटीन देऊन एनएमडीए ग्राहक रोखले, तेव्हा हे परिणाम नाहीसे झाले. मग ग्राहकाला मदत करणारे औषध दिले तर परिणाम वाढायला हवा!

६/ घडले उलटेच. त्याच वर्षीच्या दुसऱ्या प्रयोगात निरोगी व्यक्तींना १०० मिलिग्रॅम सायक्लोसेरीन दिले, तर चेतना वाढवणाऱ्या पद्धतीचा परिणाम दडपणारा ठरला. सरळ दिसणारा तर्क इथे अडखळला.

७/ २०२२ मध्ये कॅनडातील कॅल्गरीच्या गटाने नैराश्याच्या ५० रुग्णांवर चाचणी प्रसिद्ध केली. चार आठवडे थीटा-बर्स्ट. पहिले दोन आठवडे निम्म्यांना रोज १०० मिलिग्रॅम सायक्लोसेरीन, उरलेल्यांना निष्क्रिय गोळी. उपचाराला प्रतिसाद देणारे : ७३.९ टक्के विरुद्ध २९.३ टक्के.

८/ २००७ आणि २०२२ चे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत का? एकीकडे निरोगी मेंदू आणि औषधाची एकच मात्रा. दुसरीकडे आजारी मेंदू आणि रोजचा उपचार. शिवाय दार अर्धवटच उघडणारी किल्ली, मूळ किल्ली जिथे पुरेशी आहे तिथे, तिचीच जागा अडवू शकते. त्यामुळे एकाच औषधाकडून दोन ठिकाणी दोन परिणाम संभवतात. तरीही ५० रुग्णांच्या एका चाचणीवर उपचारपद्धती उभी राहत नाही. मोठ्या चाचण्या आवश्यकच.

९/ एक इशारा. औषधाला न जुमानणाऱ्या क्षयावर आपल्याकडे आजही सायक्लोसेरीन वापरतात, तेही साधारण ५०० ते १००० मिलिग्रॅम रोज. त्या मात्रेत भ्रम, नैराश्य, झटके असे दुष्परिणाम होऊ शकतात. खिन्नता ओसरवल्याची नोंद आणि खिन्नता ओढवल्याची नोंद, दोन्ही याच औषधाच्या नावावर आहेत. म्हणून हा थ्रेड वाचून कुणी स्वतःवर प्रयोग करू नये.

१०/ क्रेन यांचा निबंध १९५९ पासून ग्रंथालयात होताच. त्याला अर्थ मिळाला तो सशांच्या मेंदूवरील प्रयोगांतून आणि शेफिल्डच्या वेटोळ्यातून. जुन्या नियतकालिकांचे गठ्ठे चाळताना अशी 'किरकोळ' नोंद दिसली, तर ती टिपून ठेवा.