दोन नळ्या, एक भिंत : दुनळी बंदुकीच्या सुरक्षिततेचा इतिहास

१/२०
१५ सप्टेंबर १८६४. इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यातील नेस्टन पार्क येथे दुपारच्या वेळी तितर पक्ष्यांची शिकार चालू होती. सदतीस वर्षांचा एक गृहस्थ दगडांची बुटकी भिंत ओलांडू लागला. बंदुकीचा एक बार उडाला, छर्रे त्याच्या डाव्या कुशीत शिरले आणि थोड्याच वेळात त्याचे प्राण गेले. त्याचे नाव जॉन हॅनिंग स्पेक. व्हिक्टोरिया सरोवर पाहणारा पहिला युरोपीय आणि नाईलचा उगम तेथेच आहे, असे ठामपणे सांगणारा संशोधक.

२/२०
दुसऱ्याच दिवशी बाथ शहरात, ब्रिटिश असोसिएशनच्या सभेत, त्याला रिचर्ड बर्टनला सामोरे जायचे होते. बर्टन म्हणजे एके काळी मुंबईच्या पलटणीत नोकरी करून मराठीची परीक्षा उत्तीर्ण झालेला बहुभाषी अधिकारी. आधी आफ्रिकेतील सहप्रवासी आणि नंतर कट्टर प्रतिस्पर्धी. वाद व्हायचा तो झालाच नाही. सभेसमोर आली ती स्पेकच्या मृत्यूची बातमी.

३/२०
साहजिकच कुजबुज सुरू झाली. वादाच्या भीतीने त्याने जीव तर दिला नाही ना? चौकशीतील पंचांनी मात्र अपघाती मृत्यू असाच निर्णय दिला. जखम काखेखाली होती. लांब नळ्यांची बंदूक स्वतःवर रोखणारा मनुष्य सहसा ती जागा निवडत नाही. आजचे बहुतेक अभ्यासक अपघाताच्याच बाजूने आहेत. या धाग्यात आपण त्या वादात न शिरता एक वेगळा प्रश्न विचारू.

४/२०
प्रश्न असा. स्पेक नवशिका नव्हता. बंगालच्या सैन्यात असताना त्याने हिमालयात आणि तिबेटच्या सीमेवर वर्षानुवर्षे शिकार केली होती. खुद्द बर्टनने लिहून ठेवले आहे की, पाणघोड्याच्या धक्क्याने होडी हादरली तरी स्पेकच्या बंदुकीचे तोंड कधी स्वतःकडे वा सोबत्याकडे वळत नसे. मग असा सावध मनुष्य एका बुटक्या भिंतीवर कसा मेला? याचे उत्तर दुनळी बंदुकीच्या घडणीत आणि तिच्या इतिहासात आहे.

५/२०
प्रथम घडण पाहू. दुनळी म्हणजे एका लाकडी दस्त्यावर शेजारी शेजारी बसवलेल्या दोन स्वतंत्र बंदुका. नळ्या दोन, ठोका देणारे घोडे दोन, बहुधा चापही दोन. पुढचा चाप सहसा उजव्या नळीचा आणि मागचा डाव्या नळीचा. एक बार काढला तरी दुसरा तितकाच सज्ज असतो. शिकाऱ्याला याचा जो फायदा, तोच धोका. पहिल्या बारानंतर मन सैलावते, पण दुसरी नळी सैलावत नाही.

६/२०
अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये जोसेफ मँटनसारख्या कारागिरांनी ही बंदूक हलकी आणि देखणी केली. ती होती ठासणीची. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि गजाने सारे ठासायचे. एक नळी रिकामी आणि दुसरी भरलेली असताना हे काम करावे लागे. म्हणजे भरलेल्या नळीच्या तोंडाशी हात न्यावाच लागे. घाईत रिकामी कोणती याचा विसर पडला, तर एकाच नळीत दोन बार ठासले जात आणि नळी फुटे.

७/२०
बार पेटत असे तो गारगोटीच्या ठिणगीने. ठिणगी आधी कानाशी असलेल्या दारूवर पडायची, मग आत आग जायची. तो भडका पाहून पक्षी उडून जात. याला वैतागून स्कॉटलंडमधील बेलहेल्वी गावचे धर्मोपदेशक अलेक्झांडर फोर्साइथ यांनी ठोक्याने पेटणाऱ्या स्फोटक मिश्रणाचा उपयोग केला आणि १८०७ मध्ये त्याचे पेटंट घेतले. पुढे यातूनच तांब्याची छोटी टोपी आली. आपल्या कोकणात तिला आजही ‘केप’ म्हणतात.

८/२०
केपमुळे बार बिनचूक उडू लागला, पण नवा धोका आला. घोडा केपवर टेकलेला असताना त्याला बाहेरून धक्का बसला तरी बार उडू शकतो. म्हणून घोडा अर्ध्यावर ओढून ठेवण्याची रीत रूढ झाली. आतील एका खोल खाचेत तो अडकून राहतो आणि चाप ओढूनही सुटू नये, अशी अपेक्षा असते. खाच झिजली, तुटली वा घोडा तिच्यात नीट बसला नाही, तर ती अपेक्षा व्यर्थ.

९/२०
आता लक्षात घ्या. ठासणीची बंदूक रिकामी करणे हे मोठे किचकट काम. एक तर बार उडवून टाकायचा, नाही तर गजाच्या टोकाला पेचदार आकडा लावून बोळे आणि छर्रे उकरून काढायचे. भिंत आली, कुंपण आले, ओढा आला, प्रत्येक वेळी हे कोण करणार? फार तर केप काढायची. त्यामुळे बंदूक भरलेलीच ठेवून घोडा अर्ध्यावर ठेवायचा आणि पुढे चालायचे, ही सवय शिकाऱ्यांच्या दोन पिढ्यांच्या अंगी मुरली.

१०/२०
दरम्यान पॅरिसमध्ये १८३० च्या दशकात कासिमीर लफोशो याने बिजागरीवर मोडणारी, मागून भरायची बंदूक तयार केली. दारू, छर्रे आणि पेटवणारे मिश्रण या सर्वांचे मिळून एकच काडतूस. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात ही रचना इंग्रज कारागिरांनी पाहिली आणि पुढील दहा-पंधरा वर्षांत ठासणीचे युग मावळू लागले. आता नळ्या मोडायच्या, काडतुसे बोटांनी काढायची, की बंदूक रिकामी. काम काही क्षणांचे.

११/२०
स्पेकच्या हाती त्या दिवशी लँकेस्टर बनावटीची अशीच मागून भरायची दुनळी होती. तिला सुरक्षेची कळ नव्हती. ती सापडली तेव्हा एक नळी उडालेली आणि दुसरीचा घोडा अर्ध्यावर होता. भिंत ओलांडण्याआधी नळ्या मोडून काडतुसे काढली असती, तर पुढचे काही घडलेच नसते. यंत्र नवे होते, पण हात ठासणीच्या काळातले होते. माझ्या मते स्पेकच्या मृत्यूचा खरा धडा हाच. यंत्र बदलायला एक दशक पुरते, सवय बदलायला एक पिढी लागते.

१२/२०
त्यानंतर कारागिरांनी धोक्याची एकेक फट बुजवत नेली. १८६७ मध्ये वुल्व्हरहॅम्प्टनच्या जॉन स्टँटनने असा घोडा केला, जो ठोका देताच आपोआप मागे सरून सुरक्षित जागी थांबतो. १८७५ मध्ये बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स कारखान्यातील अँसन आणि डीली यांनी घोडे पेटीच्या आतच बसवले. नळ्या मोडल्या की ते आपोआप सज्ज होत. कुंपणात वा डहाळीत अडकणारा घोडा आता बाहेर उरलाच नाही.

१३/२०
पण बाहेरचा घोडा निदान डोळ्यांना दिसत असे. तो ओढलेला आहे की नाही, हे दुरूनही कळे. आतला घोडा दिसत नाही. म्हणून दस्त्याच्या मानेवर, अंगठ्याखाली सरकती कळ आली. अनेक बंदुकांत नळ्या मोडताच ती आपोआप ‘सुरक्षित’ स्थितीत जाते. येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. बहुतेक साध्या दुनळ्यांत ही कळ केवळ चाप अडवते, आतला घोडा नाही. बंदूक आपटली आणि आतली खाच सुटली, तर कळ लावलेली असूनही बार उडू शकतो. काही उंची बंदुकांत घोडा अडवणारा आणखी एक अडसर असतो, पण सर्वांत नाही.

१४/२०
दुसरी फट नळीची. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ मध्ये सनद मिळाली, तर बर्मिंगहॅमचे परीक्षागृह १८१३ च्या कायद्याने उभे राहिले. तेथे नळीत नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार काढत आणि नळी टिकली तरच तिच्यावर ठसा उमटवत. त्या काळच्या कित्येक नळ्या लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, ठोकून केलेल्या असत. ही दमास्कस पद्धत. नक्षी सुंदर, पण घडण काळ्या दारूसाठी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धूरविरहित दारू आली आणि जुन्या नळ्यांत नवी काडतुसे हा जीवघेणा मेळ ठरला. पणजोबांची बंदूक भिंतीवरच शोभते, ती याच कारणाने.

१५/२०
तिसरी फट मापाची. ‘बारा बोअर’ म्हणजे काय? नळीच्या व्यासाइतक्या शिशाच्या बारा गोळ्यांचे वजन एक पौंड भरते, म्हणून बारा. हा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर. वीस बोअरचा सुमारे १५.६. आकडा वाढला की नळी अरुंद. वीसचे काडतूस चुकून बाराच्या बंदुकीत गेले, तर ते पुढे घसरून नळीत अडकते. मागून बाराचे काडतूस भरून बार काढला की नळी हातातच फुटते. यासाठीच वीस बोअरची काडतुसे आज पिवळ्या रंगाची करतात. भरण्यापूर्वी दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड पाहावा, हा नियम यातूनच आला. चिखल, बोळा वा अडकलेले काडतूस, सारे त्या एका नजरेत दिसते.

१६/२०
चौथी फट मात्र कोणत्याही कारागिराला बुजवता आली नाही. ती माणसाची. डिसेंबर १८९१ मध्ये राणी व्हिक्टोरियाचा जावई प्रिन्स ख्रिश्चन याचा एक डोळा शिकारीत गेला. बार होता त्याच्याच मेहुण्याचा, ड्यूक ऑफ कॅनॉटचा. हे तेच ड्यूक, जे १८८६ ते १८९० या काळात मुंबईच्या लष्कराचे सरसेनापती होते. आयुष्य शस्त्रांत गेलेला सेनापती, तरीही हे घडले. छर्रे पसरत जातात. बारीक छर्रेही साधारण दोनशे मीटरपर्यंत पोहोचतात. म्हणून लक्ष्य दिसणे पुरेसे नाही, त्याच्या मागे आणि बाजूला काय आहे हेही दिसले पाहिजे.

१७/२०
१९०२ मध्ये मार्क ब्यूफॉय या इंग्रज गृहस्थाने आपल्या मुलासाठी बंदुकीच्या शिस्तीवर एक छोटे पद्य रचले. ते इंग्लंडच्या शिकारी घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या पाठ केले गेले. त्यातील एक उपदेश थेट नेस्टन पार्कच्या भिंतीची आठवण करून देतो. कुंपण ओलांडताना वेळ गेला तरी चालेल, पण काडतूस आधी काढ. स्पेकच्या मृत्यूनंतर अडतीस वर्षांनी सवय अखेर यंत्राला गाठत होती.

१८/२०
आज जगभर शिकवली जाणारी शिस्त या इतिहासाचेच सार आहे.
• प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे समजावे. हातात घेताच तोंड सुरक्षित दिशेला ठेवून नळ्या मोडून पाहाव्यात.
• तोंड कधीही माणसाकडे वळू नये, रिकाम्या बंदुकीचेही.
• नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर.
• अडथळा ओलांडताना काडतुसे बाहेर, नळ्या मोडलेल्या.
• चाप ओढूनही बार उडाला नाही, तर तोंड सुरक्षित दिशेला ठेवून निदान अर्धा मिनिट थांबावे. दारू उशिरा पेटू शकते.
• आवाज नेहमीपेक्षा दबका आला, तर दुसरा बार काढू नये. आधी नळ्या तपासाव्यात.
• घरी बंदूक एका कुलपात, काडतुसे दुसऱ्या.
नळ्या मोडून हातावर टाकलेली दुनळी दुरूनही सर्वांना रिकामी दिसते. इतकी उघड खात्री फार थोडी शस्त्रे देतात.

१९/२०
हा विषय आपल्यापासून दूर नाही. कोकणात आणि गोव्यात शेती संरक्षणाच्या परवान्यावर आजही बंदुका आहेत. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय बंदूक बाळगणे हा गुन्हा आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे. तरीही रात्री रानडुकरामागे गेलेल्या टोळीत सोबत्यालाच बार लागल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. अंधारात झुडूप हलते, आणि डुक्कर समजून चाप ओढला जातो. कारण तेच जुने. यंत्र ठाकठीक असते, सवय नसते.

२०/२०
स्पेक नाईलच्या बाबतीत मुळात बरोबर होता. १८७४ ते १८७७ च्या प्रवासात स्टॅन्लीने व्हिक्टोरिया सरोवराला वळसा घालून ते बव्हंशी सिद्ध केले. लंडनच्या केन्सिंग्टन उद्यानात त्याच्या नावाचा दगडी स्तंभ उभा आहे. आपले म्हणणे खरे ठरलेले पाहण्यासाठी त्याला आणखी तेरा वर्षे जगायला हवे होते. ती तेरा वर्षे हिरावली गेली ती एका बुटक्या भिंतीपाशी, न काढलेल्या दोन काडतुसांमुळे. इतिहासात मोठमोठ्या लढायांची कारणे आपण शोधतो. अशा लहान कारणांचीही नोंद ठेवावी, कारण ती आजही कुणाच्या तरी हातात असतात.

धागा समाप्त. घरात वा गावात कुणाकडे परवान्याची बंदूक असेल, तर त्यांच्यापर्यंत अठरावा भाग अवश्य पोहोचवा.