लक्ष देणे आणि लक्षात ठेवणे : ‘सति’ या शब्दाची वाटचाल

बौद्ध ध्यानपरंपरेचा इतिहास लिहिताना आचार्य, विहार आणि पंथ यांची नावे पुढे येतात. भाषांतरकारांची क्वचितच येतात. वस्तुतः प्राचीन ध्यानसूत्रांतील एखाद्या शब्दाला कोणता प्रतिशब्द दिला गेला, यावर डोळे मिटून बसलेल्या साधकाने नेमके काय करायचे हे अवलंबून राहिले आहे. पालीतील ‘सति’ हा असा शब्द आहे. संस्कृतात तो ‘स्मृति’. व्युत्पत्तीने अर्थ एकच : स्मरण. तरीही आज जगभर त्याचा अर्थ ‘वर्तमान क्षणाचे भान’ असा घेतला जातो. स्मरण भूतकाळाचे असते आणि भान वर्तमानाचे. मग एकाच शब्दाचा हा प्रवास झाला कसा?

मूळ ग्रंथापासून आरंभ करू. मज्झिमनिकायातील दहावे सूत्र ‘सतिपट्ठानसुत्त’. त्याचेच विस्तृत रूप दीघनिकायात ‘महासतिपट्ठानसुत्त’ म्हणून येते. कुरू देशातील कम्मासधम्म या गावी बुद्धाने हा उपदेश केला, असे सूत्र सांगते. काया, वेदना, चित्त आणि धम्म अशा चार क्षेत्रांत सति प्रस्थापित करायची आहे. आरंभी श्वास येतो. कुशल कातारी लांब फेरा घेताना तो लांब आहे आणि आखूड घेताना आखूड आहे हे जाणतो, तसे भिक्षूने आपल्या श्वासाला जाणायचे. इथवर ‘भान’ हा अर्थ चपखल बसतो. पण पुढे स्मशानात टाकलेल्या प्रेताच्या नऊ अवस्था येतात आणि प्रत्येक ठिकाणी साधकाने आपल्या देहाचीही हीच गती आहे असे मनाशी जुळवायचे असते. समोर प्रेत असेल वा नसेल. हे काम आठवणीवाचून होत नाही. शेवटच्या भागात पाच नीवरणे आणि सात बोध्यंगे येतात. मनात उठलेली वृत्ती यांपैकी कोणती हे ओळखण्यासाठी शिकलेला धम्म मनात हजर असावा लागतो.

प्राचीनांना यात विसंगती वाटत नव्हती. संयुत्तनिकायातील एक सूत्र सतीची व्याख्याच अशी करते की फार पूर्वी केलेले आणि बोललेलेही ज्याला आठवते, तो सतिमान. ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात नागसेन राजाला भांडाऱ्याचा दाखला देतो. चक्रवर्ती राजाचा भांडारी सकाळ-संध्याकाळ त्याला सांगतो की महाराज, आपले हत्ती इतके, घोडे इतके, सुवर्ण इतके. सति मनाला अशीच त्याच्या संपत्तीची आठवण देत राहते. कुशल काय आणि अकुशल काय, याचा हिशेब पुढे ठेवते. योगसूत्रांतही श्रद्धा, वीर्य, स्मृति, समाधि आणि प्रज्ञा ही पंचकडी आहे. बौद्धांची पाच इंद्रिये हीच. तेथे स्मृतीची व्याख्या करताना ‘असंप्रमोष’ हा शब्द येतो आणि वसुबंधूच्या अभिधर्मकोशभाष्यातही तोच येतो. असंप्रमोष म्हणजे विषय मनातून चोरीला जाऊ न देणे. काल पाहिलेली वस्तू मनातून निसटू न देणे आणि हातातला श्वास निसटू न देणे या दोन्ही क्रिया या एका शब्दात मावतात.

भाषांतराची अडचण भारताबाहेर प्रथम चीनमध्ये उभी राहिली. इ.स. 148 च्या सुमारास पार्थियातून लोयांग येथे आलेल्या आन् शिगाओने आनापानस्मृतीवरील ग्रंथ चिनी भाषेत आणला. त्याच्या शीर्षकात स्मृतीच्या जागी ‘मन राखणे’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग आहे. त्याने अर्थ कार्यावरून घेतला. पुढे चौथ्या शतकाच्या अखेरीस गौतम संघदेवाने मध्यम आगमाचे भाषांतर केले, तोवर ‘न्येन’ हा शब्द रूढ झाला होता. मनात धरणे, आठवणे, चिंतणे असे त्याचे अर्थ आहेत. चिनी परंपरेने अशा रीतीने स्मरणाचा धागा पुन्हा पकडला.

इंग्रजीतील कथा श्रीलंकेत सुरू होते. डॅनियल गॉगर्ली आणि स्पेन्स हार्डी या वेस्लियन मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ‘सम्मा सति’साठी जे प्रतिशब्द योजले, ते आज कोणाच्या स्मरणात नाहीत. टिकला तो टी. डब्ल्यू. ऱ्हीस डेव्हिड्स यांचा शब्द. श्रीलंकेत मुलकी अधिकारी असताना ते पाली शिकले. 1881 मध्ये त्यांनी पाली टेक्स्ट सोसायटीची स्थापना केली आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या आपल्या सूत्रभाषांतरात सतीसाठी ‘माइंडफुलनेस’ हा शब्द वापरला. या निवडीत चूक नव्हती. जुन्या इंग्रजी बायबलमध्ये देव माणसाची आठवण ठेवतो, या अर्थी ‘माइंडफुल’ हेच विशेषण आहे. त्या काळच्या इंग्रज वाचकाला या शब्दात स्मरण ऐकू येत होते. भाषांतर जागचे हलले नाही. इंग्रजी मात्र पुढे सरकली.

तिला सरकवण्यात विसाव्या शतकातील साधनापरंपरेचाही वाटा आहे. ब्रह्मदेशात लेडी सयाडो आणि पुढे महासी सयाडो यांनी विपश्यना मठांच्या भिंतींबाहेर गृहस्थांपर्यंत नेली. जर्मनीत जन्मलेले आणि श्रीलंकेत स्थायिक झालेले भिक्षू ञाणपोनिक महासींच्या पद्धतीने प्रभावित झाले. 1954 मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकाने ‘केवल अवधान’ ही कल्पना इंग्रजी वाचकांत रुजवली : समोर आले ते निवाडा न करता पाहणे. ञाणपोनिकांच्या मते हा सतीचा आरंभ होता. पुढे तिला विवेकाची जोड हवीच होती. 1979 मध्ये जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात ताणतणावावरील कार्यक्रम सुरू केला, तेव्हा व्याख्येत ‘निवाडा न करणे’ मुख्य झाले. अनेक रुग्णांना त्याचा लाभ झाला, हे नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की सूत्रांतील सति ती हीच का?

अंगुत्तरनिकायात सतीला सीमेवरच्या नगराचा द्वारपाल म्हटले आहे. तो शहाणा असतो. ओळखीच्यांना आत घेतो, अनोळख्यांना दारातच अडवतो. निवाडा न करणारा द्वारपाल काय कामाचा? इतके वाचून ‘केवल अवधान’ ही आधुनिकांची भर आहे असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु मज्झिमनिकायातीलच ‘द्वेधावितक्कसुत्त’ हा मोह आवरायला लावते. तेथे गुराखी आहे. पावसाळ्याच्या शेवटी शेतात उभे पीक असते, तेव्हा तो गुरांना काठीने हटकतो, आवरतो. उन्हाळ्याच्या अखेरीस पीक घरात आलेले असते. तेव्हा तो झाडाखाली किंवा उघड्यावर बसतो आणि गुरे तिथे आहेत एवढीच सति ठेवतो. गुराखी एकच, गुरेही तीच. मन अकुशलाकडे धाव घेत असते तेव्हा सतीला काठी लागते. ते निवळले की नुसती नजर पुरते. वाद घालणाऱ्या दोन्ही पक्षांना आपापला ऋतू या उपमेत सापडेल.

आता आपल्याकडे वळू. पाली ही मराठीच्या घरचीच भाषा. तेव्हा येथे भाषांतर सोपे असावे असे कोणालाही वाटेल. गोव्यातील साखवाळ येथे 1876 मध्ये जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींनी घर सोडून काशी, नेपाळ, श्रीलंका आणि ब्रह्मदेश पालथे घातले. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात ते पाली शिकले आणि ‘विसुद्धिमग्ग’ या महान ध्यानग्रंथाच्या संपादनासाठी हार्वर्डपर्यंत गेले. त्या ग्रंथाची त्यांची देवनागरी आवृत्ती 1940 मध्ये निघाली. हार्वर्डची आवृत्ती निघाली ती त्यांच्या निधनानंतर, 1950 मध्ये. ‘समाधिमार्ग’ हे पुस्तक त्यांनी मराठीत लिहिले. अशा माणसापुढे कोणती अडचण असेल, हे काही शब्द पाहिले की कळते. शब्द परका असेल तर वाचक थांबतो, विचारतो. शब्द आपलाच असेल तर तो पुढे जातो आणि चुकतो.

‘वेदना’ हाच शब्द घ्या. सूत्रातील वेदना तीन प्रकारची : सुख, दुःख आणि या दोन्हींहून वेगळी. मराठीत वेदना म्हणजे दुखणे. ‘सुखद वेदना’ म्हटले तर कविता वाटेल. ‘उपेक्षा’ ही पालीत मनाची उन्नत अवस्था आहे आणि चौथ्या ध्यानात तिच्यायोगे सति परिशुद्ध होते. मराठी कानाला मात्र कोणाची तरी हेळसांड होते आहे असे ऐकू येते. पहिल्या ध्यानात ‘वितक्क’ आणि ‘विचार’ असतात. बुद्धघोष दाखला देतो की घंटेवर पडलेला टोल म्हणजे वितक्क आणि त्यानंतर घुमणारा नाद म्हणजे विचार. आपला ‘विचार’ या नादापासून बराच दूर गेला आहे. मंडाले येथे जन्मलेल्या सत्यनारायण गोएंकांनी 1969 पासून भारतात विपश्यना शिकवली. त्यांनी वेदनेच्या जागी ‘संवेदना’ आणि उपेक्षेच्या जागी ‘समता’ वापरली, यामागची गरज यावरून समजते. त्याचबरोबर मूळ शब्द साधकाच्या कानाआड जातो, हेही खरे.

1956 मध्ये नागपुरात डॉ. आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली, तेव्हापासून हा प्रश्न केवळ पंडितांचा राहिलेला नाही. महाराष्ट्रातील कितीतरी घरांत ही सूत्रे धर्मग्रंथ म्हणून वाचली जातात. चुकीच्या प्रतिशब्दाची किंमत तेथे तळटीप देऊन चुकती होत नाही.

सतीसाठी मराठीत ‘स्मृती’, ‘जागरूकता’, ‘सजगता’, ‘भान’ असे शब्द चालतात आणि प्रत्येकात काही उणे राहते. परंतु आपल्या रोजच्या बोलण्यात एक जोडी सहज वावरते. ‘लक्ष दे’ म्हणजे आत्ता इकडे पाहा. ‘लक्षात ठेव’ म्हणजे विसरू नकोस. ‘ध्यान’ या शब्दाचेही तेच. ‘ध्यानात ठेव’ असे आई मुलाला बजावते, तेव्हा तिला समाधी अभिप्रेत नसते, आठवण अभिप्रेत असते. इंग्रजीला ज्या दोन अर्थांचा मेळ घालताना शतकभर झगडावे लागले, ते मराठी वाक्प्रचारांत एका शब्दाच्या आश्रयाने नांदत आहेत. पारिभाषिक कोशाला ‘लक्षात ठेवणे’ हा प्रयोग कदाचित फार साधा वाटेल. गुराख्याच्या तोंडी मात्र तो शोभतो, आणि सूत्रकाराने सतीसाठी दाखला निवडला तो गुराख्याचाच.