तळटीप : ‘पैसेवारी’
‘पैसेवारी : रानात बुडालेले, कागदावर तरलेले पीक.’ लेखकाची ही व्याख्या जिंतूरबाहेरच्या वाचकाला नुसती कोटी वाटेल, म्हणून हा खुलासा. गावच्या सरासरी उताऱ्याशी यंदाच्या पिकाची तुलना करून पैशांत मांडलेला आकडा म्हणजे पैसेवारी. जुनी माणसे अजून आणेवारीच म्हणतात. आकडा 50 च्या आत आला तरच टंचाईच्या सवलती : जमीन महसुलात सूट, कर्जवसुलीला स्थगिती, मुलांची परीक्षा फी माफ. 51 आला की हात रिकामे. निवडलेल्या शेतात चौकोन आखून सोयाबीन कापतात, झोडपतात, तोलतात. खरी मेख चौकोन कुठे पडतो यात आहे. ओढ्याकाठच्या काळ्या रानाचा उतारा माळावरच्या मुरमाड तुकड्यालाही चिकटतो, आणि नुकसान त्या तुकडेवाल्याचेच होते. अंतिम आकडा येतो डिसेंबरात. तोवर रब्बीच्या बियाण्यासाठी उसनवारी होऊन गेलेली असते. अशाच उपरोधिक व्याख्यांच्या, अँब्रोज बिअर्सच्या ‘द डेव्हिल्स डिक्शनरी’त (1911) रोख बहुतेकदा माणसाच्या ढोंगावर आहे, इथे तो सरकारी तक्त्यातल्या एका रकान्यावर आहे. मला ही नोंद अधिक जिव्हारी लागते. केंद्राच्या 2016 च्या दुष्काळ संहितेने पाऊस, भूजल, जमिनीतली ओल हे निकष पुढे आणले. पैसेवारी मात्र आजही जाहीर होते. – संपा.