वेरूळची लेणी आणि ठाम उत्तरांची परंपरा

छत्रपती संभाजीनगरच्या वायव्येस सुमारे ३० किलोमीटरवर, खुलदाबादच्या पठाराच्या उतरणीला वेरूळची ३४ लेणी कोरलेली आहेत. त्यांपैकी १२ बौद्ध, १७ ब्राह्मणी म्हणजे मुख्यतः शैव परंपरेची आणि ५ जैन असून ती साधारणपणे सहाव्या ते दहाव्या शतकांच्या दरम्यान घडली, हे आज कोणत्याही माहितीपुस्तिकेत वाचावयास मिळते. हे ज्ञान मात्र जेमतेम दीडशे वर्षांचे आहे. लेणी कोरणाऱ्या राजवंशांचा विसर पडल्यापासून ती आठवण ताम्रपट आणि शिलालेखांच्या आधारे पुन्हा हाती लागेपर्यंत काही शतके उलटली, आणि त्या शतकांत वेरूळविषयी ‘ठाऊक नाही’ असे उत्तर क्वचितच कोणी दिले. विचारणाऱ्याला राजाचे नाव, त्याचे कुळ, लेणी खोदण्याचे कारण आणि उलटलेल्या वर्षांची संख्या हे सारे लगोलग सांगितले जात असे. माहिती नसलेली माणसे इतक्या खात्रीने का बोलतात, या प्रश्नाच्या अभ्यासासाठी वेरूळ हे महाराष्ट्रातील बहुधा सर्वांत उपयुक्त ठिकाण आहे, कारण येथील जुनी ठाम विधाने लिहून ठेवलेली आहेत आणि ती पडताळून पाहण्याचे साधनही आता उपलब्ध आहे.

पुणे दरबारातील इंग्रज रेसिडेंट सर चार्ल्स मॅलेट याने १७९४ मध्ये वेरूळविषयी लिहिलेला वृत्तान्त कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेत छापला गेला. मॅलेटने स्थानिक जाणत्यांकडून मिळालेली दोन उत्तरे शेजारीशेजारी नोंदवली, हे त्याचे मोठे उपकार मानले पाहिजेत. मुसलमान माहितगाराच्या म्हणण्याप्रमाणे ही लेणी ईल राजाने खोदविली, देवगिरीचा किल्लाही त्यानेच घडविला, आणि हा राजा ९०० वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या मोमीन आरिफ या संताचा समकालीन होता. ब्राह्मण माहितगाराने शिवालयमाहात्म्य नावाच्या पोथीचा हवाला देऊन सांगितले, की एलिचपूरच्या राजाचा पुत्र इलू याच्या अंगात किडे पडले होते, वेरूळच्या पवित्र कुंडातील पाण्याने तो बरा झाला आणि कृतज्ञतेपोटी त्याने ही लेणी कोरविली. तेव्हा द्वापरयुगाची ३,००० वर्षे शिल्लक होती. त्यांत चालू कलियुगाची ४,८९४ वर्षे मिळविली की लेण्यांचे वय ७,८९४ वर्षे भरते.

या दोन उत्तरांतील दुसरे अधिक विद्वत्तेचे वाटते आणि सत्यापासून अधिक दूर आहे. ज्याला आज कैलास म्हटले जाते ते १६ क्रमांकाचे लेणे आठव्या शतकातील आहे. म्हणजे मॅलेटच्या वेळी त्याचे वय हजार वर्षांहून थोडेसे अधिक होते. ९०० हा अंदाज त्याच्या बराच जवळ जातो, पण तो गोल आकडा असल्यामुळे ऐकीव वाटतो. ७,८९४ या संख्येत मात्र शेवटचा अंकही मोजून दिल्यासारखा आहे, आणि तो खरोखरच मोजलेला होता. पंचांगाप्रमाणे त्या सुमारास कलियुगाची ४,८९४ वर्षे उलटली होती, हे गणित अचूक आहे. चूक बेरजेत नव्हती; ज्या ३,००० वर्षांत ही ४,८९४ वर्षे मिळविली त्या पहिल्या आकड्याला कोणताही आधार नव्हता. पंचांग जाणणाऱ्या विद्वानाचा कालगणनेवरील अधिकार खरा होता, आणि त्या खऱ्या अधिकारातून आलेला आत्मविश्वास शेजारच्या, त्याला अजिबात माहीत नसलेल्या क्षेत्रात तसाच वाहत गेला. वेरूळच्या इतिहासात ही गोष्ट पुन्हापुन्हा दिसते. ठाम चुका करणारी माणसे बहुतेक वेळा मूर्ख नव्हती. ती कशाची तरी चांगली जाणकार होती, आणि आपले जाणतेपण कोठे संपते ही सीमाच त्यांना दिसत नव्हती.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे, कारण दंतकथांना सरसकट अज्ञान म्हणून बाजूला सारणे हाही एक प्रकारचा आंधळा ठामपणाच आहे. पंधराव्या-सोळाव्या शतकांतील कृष्णयाज्ञवल्की याच्या कथाकल्पतरू या मराठी ग्रंथात वेरूळच्या माणिकेश्वर मंदिराची, म्हणजे कैलासाची, कथा आली आहे. राजाच्या व्याधीसाठी राणीने घृष्णेश्वराला नवस केला, की राजा बरा झाल्यास ती मंदिर बांधील आणि त्याचे शिखर दृष्टीस पडेपर्यंत अन्न घेणार नाही. इतक्या लवकर शिखर दाखविणे कोणाही कारागिराला शक्य वाटेना. शेवटी पैठणचा कोकस हा स्थपती, म्हणजे बांधकामाचा मुख्य रचनाकार, पुढे आला आणि त्याने डोंगराच्या माथ्यापासून खाली कोरत जाण्याची युक्ती योजून आठवडाभरात राणीचा उपास सोडविला. कथेतील आठवडाभराची मुदत अर्थातच खरी नाही, राजाचे कुळही खरे नाही. परंतु कैलास वरून खाली कोरले गेले, शिखर आधी आणि जोते शेवटी घडले, ही कथेतील गोष्ट तंत्रदृष्ट्या अगदी बरोबर आहे. कोकस हेही केवळ कल्पित नाव नसावे, कारण मध्य भारतातील अकराव्या ते तेराव्या शतकांतील काही लेखांत आपण कोकसाच्या वंशातील असल्याचे सांगणारे शिल्पी भेटतात, याकडे पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी लक्ष वेधले आहे.

हाच प्रकार १० क्रमांकाच्या लेण्यात आढळतो. हे बौद्ध चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेले प्रार्थनागृह, लोकांत ‘सुताराची झोपडी’ म्हणून ओळखले जाई, आणि आत बसलेल्या बुद्धमूर्तीला विश्वकर्मा मानून सुतार मंडळी तिच्या दर्शनाला येत. मूर्तीची ओळख चुकली होती, पण लेण्याच्या कमानदार छताला कोरलेल्या दगडी फासळ्या लाकडी वाशांची हुबेहूब नक्कल आहेत, हे सुताराच्या नजरेने बरोबर टिपले होते. ज्याचा हात ज्या कामावर बसलेला होता त्याने त्या कामापुरते खरे ओळखले. देव कोणता आणि काळ कोणता, हे मात्र त्याने त्याच दमात, त्याच खात्रीने जोडून दिले. ऐकणाऱ्याला या दोहोंतील सांधा दिसत नाही, आणि बोलणाऱ्यालाही दिसत नाही.

डोळ्यांना दिसते तेवढेच पूर्ण आहे असे समजण्याची सवयही येथे नावांत कोरली गेली आहे. ११ क्रमांकाच्या बौद्ध विहाराला ‘दोन ताल’ म्हणजे दुमजली म्हणत, आणि शेजारच्या १२ क्रमांकाच्या लेण्याला ‘तीन ताल’. १८७६ मध्ये ११ क्रमांकासमोरची माती उपसली गेली तेव्हा खाली गाडलेला आणखी एक मजला निघाला. म्हणजे दोन ताल हेही तीन मजल्यांचेच होते. नाव मात्र बदलले नाही.

आतापर्यंतचा सगळा भाग उत्तर देणाऱ्यांचा झाला. परंतु ठाम उत्तराला प्रश्न विचारणाराही जबाबदार असतो, आणि या बाजूचा सर्वांत लख्ख पुरावा वेरूळच्याच शिलालेखांतून मिळतो. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स याने वेरूळ परिसरातील आणि पश्चिम भारतातील इतर लेण्यांतील लेखांच्या नकला करून घेतल्या होत्या. त्या मॅलेटमार्फत काशीला फ्रान्सिस विल्फर्ड याच्याकडे पोहोचल्या. विल्फर्ड हा कंपनीच्या सैन्यातील अधिकारी, संस्कृतचा हौशी अभ्यासक आणि पुराणांत जगाचा प्राचीन इतिहास दडलेला आहे अशा ठाम श्रद्धेचा माणूस होता. ही जुनी लिपी त्या वेळी कोणालाच वाचता येत नव्हती, आणि विल्फर्डनेही आरंभी आशा सोडली होती. परंतु काशीत प्राचीन लिप्यांची किल्ली असलेला एक ग्रंथ बाळगणारा पंडित त्याला भेटला आणि लेख भराभर ‘वाचले’ गेले. त्या वाचनाप्रमाणे पांडव वनवासात असताना त्यांना कोणाशी बोलण्याची मुभा नव्हती, म्हणून विदुर आणि व्यास यांनी ठरलेल्या गुप्त अक्षरांत खडकांवर त्रोटक संदेश लिहून ठेवले होते, आणि हे लेख म्हणजे तेच संदेश होते. १७९० च्या दशकाच्या अखेरीस हे सारे सोसायटीच्या त्याच ग्रंथमालेत गंभीरपणे छापले गेले. यातील एकही अक्षर खरे नव्हते.

विल्फर्डची बाकीची कहाणी या वाचनावर प्रकाश टाकते. १७९२ मध्ये त्याने पुराणांत इजिप्त आणि नाईल नदीची वर्णने सापडल्याचा दीर्घ निबंध प्रसिद्ध केला होता, आणि सर विल्यम जोन्ससारख्या विद्वानानेही त्याची पाठराखण केली होती; भारत आणि आफ्रिका यांच्यातील प्राचीन संबंधाची कल्पना जोन्सने स्वतः १७८६ च्या व्याख्यानात मांडलेली होती, त्यामुळे हवे असलेले उत्तर मिळाल्यावर ते तपासण्याची गरज दोघांनाही तीव्रतेने वाटली नाही. १८०५ मध्ये विल्फर्डला जाहीरपणे कबूल करावे लागले, की त्याच्या पंडिताने पोथ्यांतील शब्द खरवडून बदलले होते आणि हजारो श्लोक स्वतः रचून घुसविले होते. लबाडी उघड झाल्यावर त्या पंडिताने उतारे अस्सल असल्याची शपथ घेण्यासाठी दहा ब्राह्मण आणून उभे केले होते. येथे केवळ पंडिताला दोषी ठरविणे अपुरे ठरेल. एका माणसाने वर्षानुवर्षे एकाच प्रकारचे उत्तर मागितले, ते देणाऱ्याला पोसले आणि ‘सापडत नाही’ या उत्तराला काहीच मोल दिले नाही, तेव्हा समोरच्याने तेच उत्तर तयार केले. लेणी दाखविणारा वाटाड्या असो वा पोथी वाचणारा पंडित, ज्याला उत्तरासाठीच बिदागी मिळते त्याच्यासाठी मौन हा तोट्याचा व्यवहार असतो.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या डेव्हिड डनिंग आणि जस्टिन क्रूगर या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तर्क आणि व्याकरण यांच्या चाचण्यांत सर्वांत कमी गुण मिळविणाऱ्यांनी स्वतःला सरासरीहून वरचे मानल्याचे आढळले. आपली चूक ओळखण्यासाठी नेमके तेच ज्ञान लागते जे त्यांच्यापाशी नव्हते, असा त्यांनी अर्थ लावला. वेरूळचा इतिहास या निष्कर्षाला एक पुरवणी जोडतो. लिपी हरवलेली असताना सर्वांत हुशार माणूसही त्याच अवस्थेत होता, कारण चूक दाखवील असे काही जगातच उरले नव्हते. अडवणारी वस्तू नसली की विद्वत्ता ठामपणाला आवर घालत नाही. उलट ती त्याला अधिक चांगली भाषा आणि अधिक नेमके आकडे पुरविते.

ती अडवणारी वस्तू एकोणिसाव्या शतकात हळूहळू हाती आली. मुंबईच्या लिटररी सोसायटीत विल्यम अर्स्किन याने बौद्ध, जैन आणि ब्राह्मणी लेणी ओळखण्याच्या खुणा निश्चित करण्याचा प्रयत्न केला. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप याने ब्राह्मी लिपी उलगडली आणि पांडवांच्या गुप्त संदेशांचा विषय कायमचा संपला. जेम्स फर्ग्युसन याने लेण्यांची तुलना त्यांच्या घडणीवरून केली. त्याने आरंभी कैलासाचा काळ काहीसा उशिराचा धरला होता, पण त्याने आपली कारणे लिहून ठेवली असल्यामुळे ती चूक पुढच्यांना दुरुस्त करता आली, आणि कैलासाची घडण दक्षिणी म्हणजे द्राविड शैलीची आहे हे त्याचे निरीक्षण टिकले. जेम्स बर्जेस आणि पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी लेण्यांतील लेखांचे ठसे घेऊन १८८१ मध्ये त्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. १५ क्रमांकाच्या दशावतार लेण्यात राष्ट्रकूट राजा दन्तिदुर्ग याच्या घराण्याचा लेख आहेच. पण कैलासावर त्याच्या निर्मात्याचे नाव नाही. ते रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी बडोद्यात सापडलेल्या ताम्रपटातून १८८३ च्या सुमारास दाखवून दिले. शके ७३४ च्या, म्हणजे इसवी सन ८१२ च्या सुमाराच्या या ताम्रपटात पहिल्या कृष्णराजाने एलापूर येथे उभारलेल्या शिवमंदिराची स्तुती आहे, आणि ते पाहून देवांनाही ते स्वयंभू वाटले, तर घडविणाऱ्या शिल्पीला स्वतःच आपण हे कसे घडविले याचे नवल वाटले, असे तेथे म्हटले आहे. भांडारकरांची पद्धत येथे पाहण्यासारखी आहे: एलापूर म्हणजे वेरूळ का, मंदिराचे वर्णन कोठे लागू पडते, राजाचा क्रम कोणता, हे एकेक टप्प्याने मांडून ते निष्कर्षाशी पोहोचतात, आणि प्रत्येक टप्पा वाचकाला स्वतंत्रपणे तपासता येतो.

आज भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या चित्रफितींत कैलासाविषयी जे सांगितले जाते ते या पार्श्वभूमीवर अपरिचित वाटत नाही. सुमारे २७६ फूट लांब आणि १५४ फूट रुंद अशा खड्ड्यातून काही लाख टन दगड काढला गेला, काम अठरा वर्षांत झाले, तेव्हा दिवसाला आणि तासाला इतके टन निघाले असले पाहिजेत, आणि हे मानवी हातांना अशक्य असल्यामुळे लेणे परग्रहवासीयांनी किंवा हरवलेल्या यंत्रांनी कोरले, असा तो युक्तिवाद असतो. भागाकार बहुधा बरोबर असतो. सांगणारा पुष्कळदा अभियांत्रिकी शिकलेला असतो. परंतु बांधकामाची मुदत कोणत्याही लेखात दिलेली नाही, आणि अठरा वर्षे ही पहिल्या कृष्णाच्या राज्यकाळाची, म्हणजे सुमारे ७५६ ते ७७४ या काळाची ढोबळ लांबी आहे. कला-इतिहासकार हेर्मान गेत्स यांनी १९५२ मध्ये या कामाचा आरंभ दन्तिदुर्गाच्या काळापर्यंत मागे नेला आणि नंतरच्या राजांचीही भर त्यात धरली. ढवळीकरांनी मुख्य काम कृष्णाच्या काळातच झाल्याचे मत मांडले, तरी सभोवतालचे काही भाग मागाहूनचे मानले. हा वाद अजून पूर्णपणे मिटलेला नाही. मंदिराची मांडणीही आकाशातून उतरलेली नाही. पट्टदकल येथील आठव्या शतकाच्या पूर्वार्धातील विरूपाक्ष मंदिराशी तिचे नाते स्पष्ट दिसते.

कैलास पाहून उत्तरेकडे जैन लेण्यांच्या बाजूला गेले की ३० क्रमांकाचे ‘छोटा कैलास’ लागते. ते त्याच नमुन्यावर, त्याच खडकात, वरून खाली कोरावयास घेतले होते आणि अर्धवट सोडून दिले गेले. काम कोणत्या क्रमाने उतरत गेले, दगड कोठे सुटा केला आणि कोठे तसाच राहू दिला, हे तेथे उघड्या डोळ्यांनी पाहता येते. वेरूळच्या अपुऱ्या राहिलेल्या लेण्यांत छिन्नीच्या खुणाही शिल्लक आहेत. बहुतेक प्रवासी कैलासापासूनच परत फिरतात.