मांडवीचा पूल आणि पाण्याची बादली

पणजीहून रायबंदरला जाणारा पोर्तुगीजांच्या काळातला जांभ्या दगडाचा बांधरस्ता १६३४ साली पुरा झाला. त्यावरून आजही गाड्या धावतात. तिथून जवळच मांडवीवर १९७० च्या सुमारास बांधलेला काँक्रीटचा पूल मात्र ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. जेमतेम सोळा वर्षांचं आयुष्य! पुन्हा फेरीबोटींचे दिवस आले.

जुने कारागीरच शहाणे, असं यावर कुणीही म्हणेल. मला ते अर्धंच पटतं. जुन्या बांधात लोखंड नाही. रोमच्या पँथिऑनचा ४३ मीटर व्यासाचा घुमट जवळजवळ एकोणीसशे वर्षं उभा आहे, त्यातही सळ्या नाहीत. मांडवीच्या पुलात ताण देऊन बसवलेल्या पोलादी तारा होत्या आणि त्याच गंजल्या. वाशीच्या खाडीवरच्या १९७३ च्या पहिल्या पुलाचं दुखणंही हेच.

खरं तर चांगलं काँक्रीट पोलादाला गंजू देत नाही. पण सिमेंटला लागतं त्याहून जास्त पाणी घातलं, की ते नंतर सुकून जातं आणि मागे बारीक बारीक वाटा राहतात. त्या वाटांनी खारी हवा आत शिरते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो, म्हणून काँक्रीट आतून फुटतं. पाणी जितकं जास्त तितकी ताकद कमी, हा नियम डफ अब्राम्स यांनी अमेरिकेत १९१८ मध्येच मांडला होता. तरीही स्लॅबच्या दिवशी माल घट्ट वाटला, की एक बादली वाढतेच. गवंड्याला तरी काय दोष द्यावा? घट्ट माल सळ्यांच्या जाळीतून खाली उतरत नाही.

ही अडचण १९६० च्या दशकात जपान आणि जर्मनीतल्या रसायनांनी सोडवली. सिमेंटचे कण एकमेकांना चिकटून पाणी अडवून ठेवतात. हे द्रव त्यांना सुटं करतं. त्यामुळे कमी पाण्यातही माल वाहता राहतो. आपल्या आयएस ४५६ या मानकाच्या २००० सालच्या आवृत्तीने समुद्राच्या तुषारांत येणाऱ्या सळईच्या काँक्रीटसाठी पाण्याचं प्रमाण सिमेंटच्या ०.४५ पट, म्हणजे पोत्यामागे साडेबावीस लिटर, इतकंच ठेवलं. वाळूतली ओलही त्यातच धरायची. शिवाय सळईवर ५० मिलिमीटरचं कव्हर.

दुसरी भर आपल्या ओळखीची आहे. वाड्यांच्या चुन्यात विटांची सुरखी मिसळत, रोमन लोक ज्वालामुखीची राख घालत. आज औष्णिक वीजकेंद्रातली राख घालतात. अमेरिकेतल्या हंग्री हॉर्स धरणात (१९४८-५३) ती मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. सिमेंटमधून सुटणाऱ्या चुन्याशी संयोग पावून ती आतल्या वाटा बुजवते, पण सावकाश. म्हणून मानक साध्या सिमेंटच्या काँक्रीटवर किमान सात दिवस पाणी मारायला सांगतं, तर राखेच्या काँक्रीटवर दहा. आणि अनेक ठिकाणी पाण्याचा टँकर तिसऱ्या-चौथ्या दिवशीच बंद होतो.